राष्ट्रीय पल्स पोलिओ मोहीम : प्रगती आणि आव्हाने
(मराठवाड्यातील स्थलांतरित बालकांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारतातील सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात देवी रोगाच्या उच्चाटनानंतरची सर्वांत मोठी घटना म्हणून पोलिओ निर्मूलनाचा उल्लेख करावा लागतो. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका दोन वर्षांच्या बालिकेस पोलिओमुळे लुळेपणा आल्याची नोंद झाली. नैसर्गिक पोलिओ विषाणूमुळे बाधित झालेला तो देशातील शेवटचा रुग्ण ठरला. पुढे २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया विभागातील भारतासह अकरा देशांना पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. २००९ साली जगातील एकूण पोलिओ रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे रुग्ण एकट्या भारतात होते, ही बाब लक्षात घेतली म्हणजे या यशाचे मोल कळते.

तथापि, यशाच्या या इतिहासाचे वाचन करताना एका प्रश्नाकडे दुर्लक्ष होते. पल्स पोलिओ मोहीम प्रत्येक बालकापर्यंत पोहोचली, कारण ती स्वतः बालकाच्या दारात गेली. नियमित लसीकरण मात्र बालकाने केंद्रावर यावे या अपेक्षेवर चालत आले. ज्या बालकाला कायमचे दारच नाही, त्याचे काय? ऊसतोडीसाठी दरवर्षी सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्या मराठवाड्यातील कुटुंबांच्या संदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने मोहिमेचा आढावा घेतला आहे.

उद्दिष्टे

१. पोलिओ रोगाचे स्वरूप व पल्स पोलिओ मोहिमेमागील शास्त्रीय तत्त्व स्पष्ट करणे.
२. मोहिमेची प्रगती व तिच्यातील अडथळे यांचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
३. मराठवाड्यातील, विशेषतः औसा परिसरातील स्थलांतराचा लसीकरणाशी असलेला संबंध तपासणे.
४. पोलिओमुक्तीनंतरची आव्हाने व उपाय यांचे विवेचन करणे.

पोलिओ रोगाचे स्वरूप

पोलिओ हा विषाणूजन्य रोग असून तो प्रामुख्याने पाच वर्षांखालील बालकांना होतो. बाधित व्यक्तीच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडतो आणि दूषित पाणी, अन्न वा हात यांच्या द्वारे दुसऱ्याच्या तोंडावाटे आतड्यात शिरतो. तेथे त्याची वाढ होते. सुमारे दोनशे बाधितांपैकी एखाद्यासच कायमचा लुळेपणा येतो; उर्वरित बालकांत लक्षणे दिसत नाहीत किंवा किरकोळ ताप येऊन जातो. या रोगाविरुद्धच्या लढ्यातील खरी अडचण येथेच आहे. एक लुळे बालक समोर येते तेव्हा त्याच्या मागे शेकडो बालके न कळत विषाणूचा प्रसार करीत असतात. त्यामुळे केवळ रुग्ण शोधून हा रोग थांबविता येत नाही. सर्व बालकांच्या आतड्यांत एकाच वेळी विषाणूला मज्जाव करावा लागतो.

विषाणूचे तीन प्रकार आहेत. जोनास साल्क यांची टोचून देण्याची लस १९५५ साली वापरात आली. अल्बर्ट सेबिन यांची तोंडावाटे देण्याची लस त्यानंतरच्या दशकात जगभर पसरली. पहिल्या लसीत मृत विषाणू असतात. ती रक्तातील प्रतिकारशक्ती उत्तम निर्माण करते, परंतु आतड्यातील संरक्षण तुलनेने कमी देते. दुसऱ्या लसीत दुर्बल केलेले जिवंत विषाणू असतात. ती आतड्यातच प्रतिकार उभा करते, स्वस्त आहे आणि दोन थेंब पाजण्यास इंजेक्शनाचे प्रशिक्षण लागत नाही. विकसनशील देशांनी तोंडी लसीची निवड केली ती या कारणांमुळे.

मोहिमेची पार्श्वभूमी

भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला व पुढील वर्षी त्यात तोंडी पोलिओ लसीचा समावेश झाला. १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम टप्प्याटप्प्याने सर्व जिल्ह्यांत नेण्यात आला. १९८८ साली जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला, तेव्हा १२५ देशांत वर्षाला अंदाजे साडेतीन लाख बालके या रोगाने पंगू होत होती.

एका ठरावीक दिवशी विस्तृत क्षेत्रातील सर्व बालकांना, पूर्वी लस मिळाली असो वा नसो, एकाच वेळी लस पाजणे म्हणजे ‘पल्स’ पद्धती होय. वेल्लोर येथील विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांनी या पद्धतीचा भारतात आग्रहाने पुरस्कार केला. २ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्लीत ती मोठ्या प्रमाणावर अमलात आली. ९ डिसेंबर १९९५ व २० जानेवारी १९९६ या दोन दिवशी पहिली देशव्यापी मोहीम झाली. प्रारंभी तीन वर्षांखालील बालकांना लस देण्यात आली. पुढील वर्षापासून ही मर्यादा पाच वर्षांपर्यंत वाढविण्यात आली.

मोहिमेची कार्यपद्धती

मोहिमेच्या रविवारी गावोगाव लसीकरण केंद्रे उघडली जातात. त्यानंतरच्या काही दिवसांत पथके घरोघर जाऊन सुटलेली बालके शोधतात. लस पाजलेल्या बालकाच्या डाव्या हाताच्या करंगळीवर शाईची खूण केली जाते आणि घराच्या भिंतीवर खडूने भेटीची नोंद केली जाते. बसस्थानके, रेल्वेस्थानके, यात्रा व बाजार यांसाठी स्वतंत्र पथके असतात. वीटभट्ट्या, बांधकामे व ऊसतोड कामगारांच्या वस्त्या यांसाठी फिरती पथके नेमली जातात. मोहिमेच्या भरात एका राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी बालकांना लस पाजण्यात येत असे व त्यासाठी सुमारे २४ लाख कार्यकर्ते लागत. अंगणवाडी सेविका, परिचारिका, आशा कार्यकर्त्या, शिक्षक तसेच राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी यांच्या श्रमावर हे काम उभे राहिले.

तोंडी लस उष्णतेने लवकर निकामी होते. त्यामुळे कारखान्यापासून गावातील केंद्रापर्यंत शीतसाखळी अखंड ठेवावी लागते. कुपीवरील चौकोनी खुणेचा रंग उष्णतेने गडद होत जातो. चौकोन भोवतीच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी वापरायची नाही, एवढा साधा नियम कार्यकर्तीला पाळावा लागतो. भारनियमनाच्या काळात ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांना बर्फाच्या पिशव्या वेळेवर गोठविणे हेच एक मोठे काम होते.

मोहिमेचे दुसरे अंग सर्वेक्षणाचे आहे. १९९७ साली राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प स्थापन झाला. पंधरा वर्षांखालील कोणत्याही बालकाला अचानक लुळेपणा आल्यास, कारण काहीही असो, त्याची नोंद करून चौदा दिवसांच्या आत चोवीस तासांच्या अंतराने विष्ठेचे दोन नमुने प्रयोगशाळेत पाठविले जाऊ लागले. मुंबईतील परळ येथील एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्राने या तपासणीत महत्त्वाची भूमिका बजावली. २००१ पासून मुंबईत सांडपाण्याच्या नमुन्यांचीही तपासणी सुरू झाली. त्यामुळे एकही बालक लुळे न पडता विषाणूचा वावर कळू लागला.

मोहिमेची प्रगती

तक्ता क्र. १ : भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचे रुग्ण

वर्ष | रुग्ण
१९९८ | १९३४
२००० | २६५
२००२ | १६००
२००५ | ६६
२००६ | ६७६
२००७ | ८७४
२००९ | ७४१
२०१० | ४२
२०११ | १

वरील तक्त्यावरून असे दिसते की, ही प्रगती सरळ रेषेत झालेली नाही. २००० साली रुग्णसंख्या घटल्यानंतर फेऱ्यांची संख्या कमी करण्यात आली आणि २००२ साली मुख्यतः उत्तर प्रदेशात मोठा उद्रेक झाला. २००५ साली केवळ ६६ रुग्ण उरले असता पुढच्याच वर्षी संख्या दहापट झाली. प्रकार दोनचा नैसर्गिक विषाणू १९९९ साली अलीगढ येथे शेवटचा आढळला. प्रकार एक व तीन मात्र पश्चिम उत्तर प्रदेश व बिहारमधील कोसी नदीच्या खोऱ्यात चिवटपणे टिकून राहिले.

यामागील कारण संशोधनातून स्पष्ट झाले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, प्रकार एकविरुद्ध तीन घटकांच्या लसीच्या एका मात्रेची परिणामकारकता उत्तर प्रदेशात सुमारे ९ टक्के, तर उत्तर प्रदेश व बिहार वगळता अन्य भारतात सुमारे २१ टक्के होती. याचा अर्थ गणिताने पाहता येतो. परिणामकारकता २१ टक्के असेल तर दहा मात्रांनंतर शंभरातील सुमारे ९ बालके असुरक्षित राहतात. ती ९ टक्के असेल तर तेवढ्याच मात्रांनंतर सुमारे ३९ बालके असुरक्षित राहतात. दाट वस्ती, उघडी गटारे, अतिसार व कुपोषण यांमुळे बालकाच्या आतड्यात लसीचा विषाणू रुजतच नव्हता. पालकांनी दहा वेळा लस पाजूनही बालक लुळे पडल्याची उदाहरणे घडत. त्यातून अफवांना बळ मिळे.

यावर दोन दिशांनी उपाय झाले. पहिला उपाय लसीचा. तीन घटकांच्या लसीत प्रकार दोनचा घटक इतर दोघांना मागे सारत असे. म्हणून २००५ पासून एकच घटक असलेली व जानेवारी २०१० पासून प्रकार एक व तीन हे दोन घटक असलेली लस वापरण्यात आली. दुसरा उपाय परिसराचा. उत्तर प्रदेशातील ६६ व बिहारमधील ४१ अशा १०७ विकासगटांत लसीकरणासोबत स्वच्छता, स्तनपान व अतिसारावरील उपचार यांवर भर देण्यात आला. गैरसमजामुळे दूर राहिलेल्या वस्त्यांत धर्मगुरू, स्थानिक डॉक्टर व विद्यापीठे यांचे साहाय्य घेण्यात आले. “आमच्याकडे रस्ता नाही, दवाखाना नाही, मग याच एका औषधासाठी सरकार पुन्हा पुन्हा का येते?” असा या पालकांचा प्रश्न होता. तो अज्ञानातून आला असे म्हणता येणार नाही.

महाराष्ट्राची स्थिती

महाराष्ट्रात विषाणूचे कायम ठाणे नव्हते. तो प्रामुख्याने उत्तरेकडील राज्यांतून येणाऱ्या प्रवाहाबरोबर येत असे. २०१० साली देशातील ४२ रुग्णांपैकी पाच महाराष्ट्रातील होते. त्या वर्षी यंत्रमागाच्या व्यवसायामुळे दाट वस्ती असलेल्या मालेगाव शहरात उद्रेक झाला. म्हणजे उत्तर प्रदेशातील रुग्णसंख्या घटत असतानाही स्थलांतराच्या वाटेवरील शहरे सुरक्षित नव्हती. विषाणू माणसांच्या वाटेने प्रवास करतो, हा धडा महाराष्ट्राला या घटनेने दिला.

मराठवाड्यातील स्थलांतर व लसीकरण

मराठवाड्यापुढील अडचण वेगळ्या स्वरूपाची आहे. येथे लसीला होणाऱ्या विरोधापेक्षा बालक पत्त्यावर न सापडणे हा मोठा अडथळा आहे. बीड जिल्ह्याबरोबरच लातूर, नांदेड, परभणी व धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) या जिल्ह्यांतील कोरडवाहू भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेले पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ समजला जातो. लहान मुलांना मागे ठेवण्याची सोय नसल्याने ती सोबतच जातात आणि उसाच्या फडाजवळील कोप्यांत राहतात. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपल्यावर ही कुटुंबे परततात. दुष्काळात यात पुणे, मुंबई व हैदराबादकडे जाणाऱ्यांची भर पडते. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, यावरून या प्रदेशाच्या पाणीटंचाईची कल्पना येते.

येथे एक महत्त्वाची विसंगती आढळते. थंडीच्या दिवसांत पोलिओ विषाणूचा प्रसार मंदावतो आणि लसीची शीतसाखळी राखणेही सोपे जाते; म्हणून पल्स पोलिओच्या राष्ट्रीय फेऱ्या साधारणतः डिसेंबर ते मार्च या काळात घेण्यात आल्या. विषाणूच्या दृष्टीने निवडलेला हा काळ नेमका ऊसतोडीचा हंगाम आहे. ज्या महिन्यांत पथक गावात घरोघर फिरते, त्याच महिन्यांत गावातील अनेक घरांना कुलूप असते.

औसा तालुक्यात ही समस्या दुहेरी आहे. तालुक्यातून मजूर बाहेर जातात; तसेच बेलकुंड, किल्लारी यांसारख्या ठिकाणी उभ्या राहिलेल्या साखर कारखान्यांच्या हंगामात बाहेरच्या टोळ्या येथे येतात. त्यामुळे गावाच्या यादीतील बालक येथे नसते आणि येथे असलेले बालक यादीत नसते. याच तालुक्याने दुसरा अनुभवही घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर गावेच्या गावे नव्या जागी वसविण्यात आली. १९९५ साली पहिली देशव्यापी मोहीम झाली तेव्हा पुनर्वसनाचे काम चालू होते व अनेक कुटुंबे तात्पुरत्या निवाऱ्यात राहत होती. जुन्या घरक्रमांकांवर आधारलेली यादी अशा वेळी निरुपयोगी ठरते. माणसे जेथे आहेत तेथे जाऊनच त्यांची मोजणी करावी लागते.

नांदेड येथे स्थलांतराचे आणखी एक रूप दिसते. तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे पंजाबसह देशभरातून भाविक येतात. तेलंगणाशी दररोजची ये-जा आहे. अशा शहरात रेल्वेस्थानकावरील पथकाचे महत्त्व एखाद्या मोठ्या केंद्राइतकेच असते.

पल्स पोलिओ मोहिमेने या प्रश्नावर जो मार्ग काढला तो मौलिक आहे. कारखाना परिसर, फड, वीटभट्टी, पाल व बांधकाम यांची स्वतंत्र यादी करून तेथे फिरते पथक पाठविणे, बालक कोठले आहे हे न विचारता ते समोर आहे म्हणून त्याला लस पाजणे आणि करंगळीवरील शाई हाच पुरावा मानणे, अशी ही पद्धत आहे. कागदपत्र नसलेल्या बालकालाही हक्काने मिळालेली ही बहुधा पहिलीच शासकीय सेवा असावी.

नियमित लसीकरणाचा प्रश्न

मोहिमेच्या या यशाच्या तुलनेत नियमित लसीकरणाची आकडेवारी विचार करावयास लावते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, महाराष्ट्रातील १२ ते २३ महिने वयाच्या बालकांमधील संपूर्ण लसीकरणाचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ५९ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते सुमारे ५६ टक्के आढळले. म्हणजे ज्या दशकात देश पोलिओमुक्त झाला, त्याच दशकात राज्यातील संपूर्ण लसीकरण पुढे सरकले नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष्यने पल्स पोलिओचाच अनुभव वापरून सुटलेल्या बालकांचा शोध घेतला. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांपर्यंत पोहोचले. तरीही चारांपैकी एक बालक अपुरे संरक्षित राहते.

हे बालक कोण असावे, याचा अंदाज लसीकरणाच्या वेळापत्रकावरून बांधता येतो. जन्मानंतर सहा, दहा व चौदा आठवड्यांनी लसीच्या मात्रा द्यावयाच्या असतात. नोव्हेंबरच्या प्रारंभी जन्मलेल्या ऊसतोड कामगाराच्या बाळाचे हे तीनही दिवस डिसेंबर, जानेवारी व फेब्रुवारीच्या मध्यास, म्हणजे फडावरच येतात. त्याच्या गावातील परिचारिकेच्या नोंदवहीत ते ‘गैरहजर’ ठरते आणि कारखान्याच्या गावातील नोंदवहीत त्याचे नावच नसते. पल्स पोलिओचे दोन थेंब त्याला मिळतात; परंतु घटसर्प, डांग्या खोकला, गोवर आणि पोलिओची टोचून द्यावयाची लस यांपासून ते वंचित राहण्याची शक्यता असते.

पोलिओमुक्तीनंतरची आव्हाने

१. लसजन्य विषाणूचा धोका : तोंडी लसीतील दुर्बल विषाणू कमी लसीकरण झालेल्या समूहात दीर्घकाळ फिरत राहिल्यास बदलून पुन्हा रोगकारक बनू शकतो. अत्यंत क्वचित, सुमारे २७ लाख मात्रांमागे एकदा, लसीमुळेच लुळेपणा येतो. यासाठी ३० नोव्हेंबर २०१५ पासून टोचून द्यावयाची लस सुरू झाली व २५ एप्रिल २०१६ रोजी प्रकार दोनचा घटक तोंडी लसीतून वगळण्यात आला. जानेवारी २०२३ पासून टोचून द्यावयाच्या अंशमात्रेचा तिसरा डोस नऊ महिन्यांच्या वयात जोडण्यात आला. या मात्रा नियमित सत्रांतच मिळतात. म्हणून पुढील सुरक्षितता नियमित लसीकरणावर अवलंबून आहे.

२. बाहेरून येणारा विषाणू : २०२४ मध्ये पाकिस्तानात ७४ व अफगाणिस्तानात २५ नैसर्गिक पोलिओचे रुग्ण नोंदले गेले. त्याच वर्षी मेघालयात लसजन्य विषाणूचा एक रुग्ण आढळला.

३. गुणवत्ता व दक्षता : २०१८ साली गाझियाबाद येथील एका उत्पादकाच्या तोंडी लसीत वगळलेला प्रकार दोनचा विषाणू आढळला, ही लस महाराष्ट्रासह काही राज्यांत पोहोचली होती. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात बारा बालकांना लसीऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रव पाजले गेले. ती बालके सुदैवाने बरी झाली. परंतु वर्षानुवर्षे त्याच त्या कामाच्या ओझ्याखाली दक्षता कशी सैल होते, हे या घटनेने दाखविले.

४. कार्यकर्त्यांचा थकवा व समाजाचे विस्मरण : लुळे बालक न पाहिलेली पालकांची पिढी आता आली आहे. रोग दिसेनासा झाला की लसीची निकडही वाटेनाशी होते.

उपाययोजना

१. ऊसतोडीच्या हंगामात कारखाना परिसरात व फडांवर नियमित लसीकरणाची सत्रे ठरावीक वारी घेण्यात यावीत. वर्षातून एकदा येणारे पोलिओ पथक ही त्यांची पर्यायी व्यवस्था होऊ शकत नाही.

२. मुकादमाकडे टोळीतील कुटुंबांची माहिती असते. हंगामापूर्वी त्यावरून पाच वर्षांखालील बालके व गरोदर माता यांची यादी मूळ गावच्या आरोग्य उपकेंद्राने तयार करून गंतव्य तालुक्याकडे पाठवावी. यू-विन या संगणकीय नोंदप्रणालीचा त्यासाठी उपयोग होऊ शकतो.

३. टोळ्या परतल्यानंतर एप्रिल-मे महिन्यांत सुटलेल्या मात्रा पूर्ण करण्यासाठी गावपातळीवर विशेष सत्रे घेण्यात यावीत.

४. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची हिवाळी शिबिरे याच काळात होतात. दत्तक गावातील बंद घरांची नोंद, कुटुंब कोणत्या कारखान्यास गेले याची माहिती व परिसरात आलेल्या टोळ्यांतील बालकांची गणना हे काम विद्यार्थी करू शकतात. भूगोल, समाजशास्त्र व संख्याशास्त्र या विषयांच्या प्राध्यापकांनी त्यास अभ्यासाची जोड दिल्यास तालुक्याचा स्थलांतर-नकाशा तयार होईल.

समारोप

पल्स पोलिओ मोहिमेचे यश केवळ लसीचे नाही. आरोग्यव्यवस्थेने प्रथमच प्रत्येक बालकाची, मग ते वाड्यात असो वा कोपीत, मोजणी केली, याचे ते यश आहे. मात्र ही मोजणी मोहिमेच्या आठवड्यापुरती राहिली तर विषाणूला परतण्यास वाट उरते, आणि अन्य रोगांना तर ती आजही मोकळीच आहे. मराठवाड्यातील उसाच्या फडावर जन्मलेल्या बाळाला सहाव्या आठवड्याची लस फडावरच मिळेल, तेव्हा पोलिओ मोहिमेने शिकविलेला धडा आपण खऱ्या अर्थाने आत्मसात केला असे म्हणता येईल.